कौनास १९४०: क्युरासाओला जायचंच नव्हतं, मग तो कागद चालला कसा?

कागदकाच
चिउने सुगिहारांवर मराठीत जे थोडंफार लिहिलं गेलंय त्यात एकच चित्र असतं. लिथुआनियातलं कौनास शहर, जपानी वकिलातीच्या फाटकाशी ज्यू निर्वासितांची गर्दी, आत टेबलाशी बसून हात दुखेपर्यंत व्हिसा लिहिणारा अधिकारी. चित्र खरंच आहे. पण सुगिहारांनी दिला तो ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे मधल्या मुक्कामाचा परवाना. पुढे जायला जागा असल्याशिवाय तो मिळत नाही, आणि आहात त्या देशातून बाहेर पडायची परवानगी नसेल तर मिळूनही उपयोग नाही. म्हणजे त्या शिक्क्याच्या अलीकडे आणि पलीकडे आणखी कागद होते.

पुढचा मुक्काम म्हणून कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाओ या डच बेटाचं नाव असे. तिथे खरोखर जायचं कुणाच्या मनातही नव्हतं. मग हा कागद सोव्हिएत आणि जपानी अधिकाऱ्यांसमोर टिकला कसा? साखळीतली कच्ची कडी कुठली? आणि कुणाला ही वाट लागूच पडली नाही? जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

दर्यावर्दी
धागा काढलात हे फार बरं केलंत. क्रमानं सांगतो, कारण इथे सगळा खेळ क्रमाचाच आहे.

सर्वात आधी ओळख पटवणारा कागद. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंड जर्मनी आणि सोव्हिएत संघात वाटला गेला, आणि सुमारे १५ हजार पोलिश ज्यू लिथुआनियात येऊन पोचले. अनेकांकडे पासपोर्टच नव्हता. पोलंडची वकिलात बंद झाल्यावर तिचं काम कौनासमधल्या ब्रिटिश वकिलातीकडे गेलं. तिथले थॉमस प्रेस्टन पासपोर्टच्या जागी चालेल असा प्रवासाचा कागद देत. यापुढचे सगळे शिक्के उठणार ते याच कागदावर.

मग पुढचा मुक्काम. पॅलेस्टाइनची प्रवेश-प्रमाणपत्रं मोजकी, अमेरिकेचा कोटा तुंबलेला. लिथुआनियातल्या तेल्झच्या येशिव्हात, म्हणजे ज्यू धर्मशिक्षणाच्या विद्यालयात, शिकणारा नाथान गुटविर्त डच नागरिक होता. पेप्पी स्टर्नहाइम लेविन या मूळच्या डच, पण पोलिश माणसाशी लग्न झाल्यामुळे त्यांचं डच नागरिकत्व गेलेलं. लाटव्हियातल्या रिगामधले डच राजदूत डे डेकर यांना त्यांनी विनंतीची पत्रं पाठवली. बेटांचा खरा नियम असा होता: प्रवेशाला व्हिसा लागत नाही, मात्र उतरू द्यायचं की नाही हे गव्हर्नर ठरवणार. गव्हर्नर तशी परवानगी क्वचितच देत. पेप्पी यांनी विचारलं, नियमाचा पहिला भाग तेवढा लिहून द्याल का? ११ जुलै १९४० ला डे डेकर यांनी तो त्यांच्या पासपोर्टवर लिहून दिला.

कौनासमधले यान झ्वार्टेन्डाइक हे पेशानं मुत्सद्दी नव्हतेच. फिलिप्स कंपनीचे लिथुआनियातले प्रमुख. आधीच्या डच कॉन्सलवर नाझींकडे कल असल्याचा संशय आला, तेव्हा डे डेकर यांनी जूनमध्ये ही जबाबदारी झ्वार्टेन्डाइक यांच्याकडे सोपवली. २२ जुलैला पेप्पी यांच्या पासपोर्टवरचं वाक्य त्यांनी कुटुंबाच्या लिथुआनियन कागदावर तसंच उतरवून दिलं. २४ जुलै ते ३ ऑगस्ट या दहा-अकरा दिवसांत जो येईल त्याला तेच वाक्य, क्रमांक घालून. सापडलेला सर्वात मोठा क्रमांक २,३४५ आहे.

मृण्मयी_क
दर्यावर्दी, ते वाक्यच इथे देण्यासारखं आहे. मूळ फ्रेंचमध्ये आहे, आशय असा: "कौनास येथील नेदरलँड्सची वकिलात याद्वारे जाहीर करते की सुरिनाम, क्युरासाओ व अमेरिकेतील इतर डच प्रदेशांत परदेशी व्यक्तींना प्रवेशासाठी व्हिसाची आवश्यकता नाही."

शब्द न् शब्द खरा आहे! कुठेही "प्रवेश देत आहोत" असं म्हटलेलं नाही. गव्हर्नरचं अर्धं वाक्य गाळलंय, इतकंच. मला तर हा सगळा प्रकार त्या गाळलेल्या अर्ध्या वाक्यातच दिसतो. उद्या कुणी जाब विचारला तरी सही करणाऱ्यानं खोटं लिहिलं असं म्हणता येणार नाही. आणि समोरच्या अधिकाऱ्याला मुक्कामाच्या रकान्यात भरायला एका देशाचं नाव मिळतं, वर सही आणि शिक्का.

सुरुवातीचे कागद झ्वार्टेन्डाइक यांनी हातानं लिहिले. मग गर्दी वाढली तेव्हा मजकुराचा रबरी शिक्का करून घेतला. क्रमांक, तारीख आणि सही तेवढी हातानं.

रेल्वेवेडा
कच्ची कडी विचारलीत तर माझ्या मते सोव्हिएत टप्पा.

१५ जून १९४० ला लाल सैन्य लिथुआनियात शिरलं, ३ ऑगस्टला देश सोव्हिएत संघात सामील करून टाकला. परदेशी वकिलातींना २५ ऑगस्टपर्यंत गाशा गुंडाळायला सांगितलं. त्यानंतर बाहेर पडायचं तर सोव्हिएत निर्गमन परवाना हवा, आणि तो मागायचा म्हणजे गुप्त पोलिसांच्या कचेरीत जाऊन आपलं नाव-गाव-पत्ता स्वतःहून लिहून द्यायचा. "मला तुमच्या देशात राहायचं नाही" असं लेखी देणाऱ्याची रवानगी सायबेरियात होऊ शकते, हे सगळ्यांना माहीत होतं. शिक्के मिळूनही काही जण या भीतीनं अर्जालाच गेले नाहीत.

परवाना मिळाला तर पुढचा अडसर तिकिटाचा. तिकीट सरकारी प्रवासी संस्था 'इंटूरिस्ट'कडूनच घ्यायचं, तेही अमेरिकन डॉलरमध्ये. आणि सोव्हिएत नागरिकानं डॉलर बाळगणं हा गुन्हा! त्यामुळे अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून किंवा ज्यू मदतसंस्थांकडून परस्पर पैसे भरून घ्यावे लागत. सोव्हिएत सरकारनं या लोकांना जाऊ दिलं त्याचं एक मोठं कारण हेच डॉलर.

मार्ग: कौनास किंवा विल्निअसहून मॉस्को, तिथून ट्रान्स-सायबेरियननं व्लादिवोस्तोक. मॉस्कोपासूनच जवळजवळ ९,३०० किलोमीटर. मग जपानी बोट, बहुतेकांच्या वाट्याला 'आमाकुसा मारू' आली. जपान समुद्र ओलांडून त्सुरुगा बंदर, आणि तिथून आगगाडीनं कोबे.

अवधूत७
माहितीपूर्ण चर्चा. पण एक शंका मांडतो. सुगिहारांची गोष्ट सांगताना "टोकियोनं तीनदा नकार दिला, तरी त्यांनी आदेश झुगारून दिला" असं म्हणतात. झुगारून दिला असता तर महिनाभर कामावर राहिले कसे? ताबडतोब परत बोलावलं नसतं का?

दर्यावर्दी
अवधूत, रास्त शंका आहे. तारांची तपासणी केली की उत्तर मिळतं.

टोकियोचा नियम दोन गोष्टींवर होता: पुढच्या देशाचा व्हिसा हातात हवा, आणि प्रवासाला व जपानमधल्या मुक्कामाला पुरतील इतके पैसे हवेत. १६ ऑगस्टला परराष्ट्र खात्याची तार आली: तुम्ही दिलेले ट्रान्झिट व्हिसा घेऊन लिथुआनियाहून माणसं येताहेत, त्यातल्या काहींकडे पुरेसे पैसे नाहीत, पुढच्या देशाची पूर्तता झालेली नाही, त्यांना उतरू देता येत नाही. नियम पाळा.

तरी व्हिसा थांबले नाहीत. सप्टेंबरच्या सुरुवातीच्या उत्तरात सुगिहारा कळवतात की इथे आसपास इतर देशांच्या वकिलातीच उरलेल्या नाहीत, जपानमार्गे जाणं हीच एक वाट आहे. म्हणून पुढच्या देशाची परवानगी आणि जपानहून पुढची बोट यांची व्यवस्था व्लादिवोस्तोकला चढण्याआधी करू, या अटीवर व्हिसा दिले आहेत. ती पूर्ण केली नसेल तर तिथे बोटीवर घेऊ नये.

आदेश पाळणार नाही असं सुगिहारांनी कुठेच लिहिलेलं नाही, पण कृती आदेशाच्या बाहेरची. तपासणीचा भार त्यांनी कौनासवरून उचलून नऊ-दहा हजार किलोमीटर पलीकडे नेऊन ठेवला. तोवर माणूस युरोपातून बाहेर पडलेला असणार. कारकुनी भाषा इतकी नेमकी वापरता येणं हे वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम. हार्बिनमध्ये रशियन शिकलेला माणूस, मांचुकुओतर्फे (मांचुरियातलं जपानच्या ताब्यातलं राज्य) रेल्वेखरेदीच्या वाटाघाटीत सोव्हिएत बाजूशी टक्कर दिलेली. सोव्हिएत अधिकारी कागदात काय बघतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शाल्मली
हा प्रतिसाद जपून ठेवला. त्यालाच जोडून: "व्हिसा दिले म्हणून नोकरीवरून काढलं" हेही सरसकट सांगू नये. कौनासनंतर त्यांना प्राग, क्योनिग्सबर्ग आणि बुखारेस्ट अशा नेमणुका मिळाल्या, १९४४ मध्ये सरकारी सन्मानही मिळाला. युद्ध संपताना सोव्हिएत सैन्यानं कुटुंबासह नजरकैदेत ठेवलं, १९४७ मध्ये जपानला परतले आणि त्याच वर्षी राजीनामा मागितला गेला. तेव्हा जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता आणि परराष्ट्र खात्यात मोठी कपात चालू होती. कुटुंबीय मात्र ठामपणे सांगत आले की "कौनासच्या त्या प्रकरणामुळे" असं त्यांना तोंडी ऐकवलं गेलं. दोन्ही बाजू शेजारी मांडाव्यात, एक पुसून दुसरी नको.

झ्वार्टेन्डाइक यांचं नाव तर कितीतरी वर्षं कुणाला माहीतच नव्हतं. निर्वासितांच्या आठवणीत ते नुसते "फिलिप्स रेडिओवाले". १९७६ मध्ये ते वारले. याद वाशेम या इस्रायलच्या होलोकॉस्ट स्मारकसंस्थेचा सन्मान सुगिहारांना हयातीत, १९८४ मध्ये मिळाला. झ्वार्टेन्डाइकना १९९७ मध्ये, मरणानंतर २१ वर्षांनी. ही खंत वाटतेच.

पंचगंगाकाठ
थोडं अवांतर. आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, ते लोक याच मार्गानं आले का?

मृण्मयी_क
नाही, वळिवड्याची कथा वेगळी आहे, गल्लत नको. तिथले जवळपास पाच हजार पोलिश लोक सोव्हिएत सरकारनं आधी सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलेले. १९४१ मध्ये जर्मनीनं सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, इराणमार्गे ते भारतात आले आणि १९४३ ते ४८ वळिवड्याला राहिले. बहुसंख्य कॅथलिक. त्यांच्या व्यवस्थेत मुंबईतले पोलिश कॉन्सल जनरल बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांचा मोठा वाटा होता.

ज्यू निर्वासितांशी महाराष्ट्राचा धागा दुसरीकडे जुळतो. जर्मनी-ऑस्ट्रियातून मुंबईला यायचं तर ब्रिटिश व्हिसा लागे, आणि हा माणूस सरकारवर भार होणार नाही अशी हमी. मुंबईतली ज्यूइश रिलीफ असोसिएशन त्यासाठी खटपट करी. पण युद्ध सुरू झालं आणि हीच माणसं जर्मन पासपोर्टमुळे "शत्रू देशाचे नागरिक" ठरली. हिटलरपासून पळालेल्या काही ज्यूंना पुरंदर आणि साताऱ्याच्या छावण्यांत राहावं लागलं. पासपोर्टवर देश कुठला एवढंच पाहिलं जायचं, माणूस तिथून का पळाला हे नाही. कौनासमध्येही प्रश्न तोच होता, म्हणून हे फार अवांतर नाही.

सांख्यिक
आकड्यांबद्दल लिहितो, कारण सहा हजार, दहा हजार असं काहीही वाचायला मिळतं.

सुगिहारांनी खात्याला पाठवलेल्या यादीत २,१३९ नोंदी आहेत. फेब्रुवारी १९४१ मध्ये टोकियोनं विचारलं तेव्हा प्रागहून त्यांनी २,१३२ कळवले, त्यातले सुमारे १,५०० ज्यू. एका व्हिसावर बायको-मुलं येऊ शकत, म्हणून माणसं व्हिसांपेक्षा जास्त. पण निर्गमन परवाना न मिळालेले, अर्जच न केलेले, तिकिटाचे पैसे न जमलेले वजा करा. शिवाय नकली शिक्केही निघाले होते, ते यादीत नाहीत. तेव्हा "इतके व्हिसा दिले" आणि "इतके जीव वाचले" ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

फ्रान्समधल्या बोर्दोचे पोर्तुगीज कॉन्सल सौसा मेंडेस यांच्याबाबतही तेच. लोकप्रिय आकडा ३० हजार. वकिलातीच्या नोंदवहीत १ जानेवारी ते २२ जून १९४० मध्ये २,८६२ व्हिसा, त्यातले १,५७५ शेवटच्या बारा दिवसांतले. नोंदवहीबाहेर रस्त्यावर, बायोनच्या वकिलातीत, सीमेजवळ दिलेले वेगळे. शेवटच्या दिवसांत नावं लिहायला वेळच नव्हता. तरी नोंदीपासून सुरुवात करावी आणि वर किती चढवायचे याचं कारण द्यावं. त्यांचं काम याने तसूभरही कमी होत नाही. ११ नोव्हेंबर १९३९ च्या परिपत्रक क्रमांक १४ नं ज्यूंना आणि नागरिकत्व गमावलेल्यांना लिस्बनला विचारल्याशिवाय व्हिसा देऊ नका असं स्पष्ट बजावलं होतं, आणि त्यांनी दिले. नोकरी गेली, १९५४ मध्ये गरिबीत वारले.

पूर्वा
आकड्यांवरून बुडापेस्ट आठवलं, तिथे तर आकडाच हत्यार झाला होता.

१९४४ मध्ये स्विस उपकॉन्सल कार्ल लुट्झ ब्रिटनचे हितसंबंध सांभाळत होते, त्यामुळे पॅलेस्टाइनची प्रमाणपत्रं त्यांच्या अखत्यारीत. जर्मन आणि हंगेरियन अधिकाऱ्यांनी ८,००० ना मान्यता दिली. लुट्झ यांनी ते ८,००० माणसं न धरता ८,००० कुटुंबं धरली. आणि संरक्षणपत्रांचे क्रमांक १ ते ८,००० देऊन संपले की पुन्हा १ पासून! कुठलंही एक पत्र हातात घेतलं तरी क्रमांक मर्यादेतच.

स्पेनच्या सांझ ब्रिझ यांनी हेच लहान प्रमाणावर केलं. मंजुरी २०० ची. आधी २०० व्यक्तींची २०० कुटुंबं केली, मग २०० च्या वरचा क्रमांक कधी लिहिलाच नाही, तेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले. नोव्हेंबरअखेर ते गेल्यावर जॉर्जो पेर्लास्का या इटालियन व्यापाऱ्यानं स्वतःच स्पेनचा प्रतिनिधी असल्याचं सांगून काम पुढे चालवलं.

स्वीडनच्या राऊल वॉलनबर्गनी कागदाच्या दिसण्यावर भर दिला. आधीची पत्रं साधी होती. त्यांचं संरक्षणपत्र निळ्या-पिवळ्या रंगात, तीन मुकुटांचं राजचिन्ह, सही, शिक्के. आंतरराष्ट्रीय कायद्यात त्याला जवळपास काही आधार नव्हता. पण पहाऱ्यावरच्या शिपायाला कायदा वाचायचा नसतो, त्याला कागद बघायचा असतो.

याची उलट बाजूही सांगायला हवी. स्विस पत्रांच्या नकला इतक्या झाल्या की अधिकाऱ्यांनी लुट्झ आणि त्यांच्या पत्नी गेर्ट्रूड यांना ओबुडाच्या वीटभट्टीवर नेलं आणि खरी-खोटी पत्रं तुम्हीच वेगळी करा म्हणून उभं केलं. सगळीच खरी म्हटली असती तर एकही पत्र उरलं नसतं. चारपाच तास ते दोघं तिथे उभे होते. त्यापुढे लिहवत नाही.

अवधूत७
पूर्वा, हे माहीत नव्हतं. वाचून थांबलो.

शाल्मली
यात व्हिएन्नाचे चिनी कॉन्सल जनरल हो फेंग-शान यायलाच हवेत. १९३८ मध्ये शांघायला उतरायला व्हिसा लागतच नव्हता. मग त्यांनी शांघायचे व्हिसा का दिले? कारण ऑस्ट्रियातून निघण्यासाठी, छळछावणीतून माणूस सोडवण्यासाठी, बोटीचं तिकीट काढण्यासाठी "कुठे जाणार" याचा लेखी पुरावा लागे. म्हणजे तो व्हिसा पोचण्यासाठी नव्हता, निघण्यासाठी होता. क्युरासाओच्या कागदाची ही दोन वर्षं आधीची बहीणच.

रेल्वेवेडा
शाल्मली, अगदी बरोबर. आणि त्या कागदाची परीक्षा जपानच्या किनाऱ्यावरही झाली.

मार्च १९४१ मध्ये आमाकुसा मारूवरून आलेल्या सत्तरेक लोकांना त्सुरुगाला उतरू दिलं नाही, कारण जपानी व्हिसा होता पण क्युरासाओची नोंद नव्हती. बोट त्यांना घेऊन व्लादिवोस्तोकला परत गेली. तिथे सोव्हिएत अधिकारी परत आत घेणार, म्हणजे पुढचा मुक्काम सायबेरिया. कोबेच्या ज्यू समितीनं तिथले डच कॉन्सल डे फोख्ट यांना गाठलं, त्यांनी तेच अर्धं वाक्य लिहून दिलं, आणि पुढच्या खेपेला ही माणसं उतरली. आठ महिन्यांपूर्वी रिगामध्ये सापडलेलं वाक्य इथे पुन्हा कामी आलं.

कोबेत पोचल्यावरही व्हिसाची मुदत थोड्या दिवसांची. हिब्रूचे अभ्यासक सेत्सुझो कोत्सुजी यांनी स्थानिक पोलिसांकडे रदबदली करून मुदती वाढवून घेतल्या. टोकियोतले पोलिश राजदूत तादेउश रोमर यांनी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पॅलेस्टाइन जिथून मिळतील तिथून व्हिसा मिळवले. शरद ऋतूपर्यंत ज्यांची सोय झाली नाही त्या हजारभर लोकांना शांघायला हलवलं. मीर येशिव्हाचे विद्यार्थी त्यातच होते.

कागदकाच
सगळ्यांचे मनापासून आभार, अपेक्षेपेक्षा फार जास्त मिळालं. माझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र कुणी वळलं नाही. ही वाट कुणाला लागू पडली नाही?

दर्यावर्दी
खुद्द लिथुआनियाच्या ज्यूंना.

निघाले ते मुख्यतः पोलंडहून आलेले निर्वासित. सोव्हिएत दृष्टीनं ते परके, म्हणून त्यांना "जा" म्हणता येत होतं. ३ ऑगस्टनंतर लिथुआनियन नागरिक आपोआप सोव्हिएत नागरिक झाले, आणि सोव्हिएत नागरिकाला बाहेर पडायचा परवाना नाही. वकिलातीसमोर उभा असलेला माणूस कौनासचाच असेल तर शिक्का मिळूनही दार बंद. १९४१ च्या सुरुवातीला निर्वासितांनाही सोव्हिएत नागरिकत्व घ्या म्हणून सांगितलं. घेतलं त्यांची वाट बुजली, नाकारलं त्यातले अनेक १४ जूनच्या हद्दपारीत सायबेरियाला गेले. आठवड्यानं, २२ जूनला, जर्मन सैन्य आलं. लिथुआनियाच्या ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मारले गेले. हद्दपार झालेल्यांतले बरेच जगले.

तुमच्या पहिल्या प्रश्नालाही हेच जोडा. कागद चालला कारण प्रत्येक टप्प्यावरच्या अधिकाऱ्याला फक्त पुढचा शिक्का बघायचा होता, शेवटचा मुक्काम कुणीच तपासत नव्हतं. पण पहिली पाटी "नागरिकत्व" ही होती आणि ती कुठल्याही कॉन्सलला बदलता येत नव्हती.

पंचगंगाकाठ
कौनासला कुणी जाणार असेल तर बघण्यासारखं काय आहे?

मृण्मयी_क
जपानी वकिलातीचं घर वाइझ्गान्तो रस्त्यावर आहे, आता संग्रहालय. लाइस्वेस आलेया या मुख्य रस्त्यावर फिलिप्सच्या जुन्या कचेरीसमोर २०१८ मध्ये झ्वार्टेन्डाइक यांचं प्रकाशस्मारक उभारलंय: झाडांमध्ये टांगलेलं मोठं वलय, त्यात त्या प्रवासपत्रांसारख्या दिसणाऱ्या पट्ट्या. संध्याकाळी दिवे लागल्यावर जावं. आणि आधी तिथे जावं, मग सुगिहारांच्या घरी. कागदही त्याच क्रमानं मिळत होते.